मांडवीचं खोरं आधी मोजा, मग खाणींना परवाना द्या

वाळवंटीकाठचा :
2022 च्या अखेरीस गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि डिचोलीत पुन्हा खनिजाचे ट्रक दिसू लागले. बोलणं होतं ते रोजगाराचं आणि महसुलाचं. नदीचं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

म्हादई कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावते, घाट उतरून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात येते आणि पुढे मांडवी होते. सगळी लांबी जेमतेम 80 किमी, आणि त्यातल्या खालच्या पन्नासेक किमीत भरतीचं पाणी चढतं, थेट गांजे गावापर्यंत. म्हणजे डोंगरावरून धावत आलेली नदी एकाएकी संथ होते. लोहखनिजाचा पट्टा डिचोलीपासून सांगे तालुक्यापर्यंत तिरका गेलाय आणि नद्या वाहतात पश्चिमेला. पट्टा नद्यांना आडवा पडतो, तोही भरती जिथं सरते त्याच भागात. इथलं कमी प्रतीचं खनिज परवडलं ते त्यामुळेच: खाणीपासून थोड्या अंतरावर धक्का, तिथून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, मुरगाव बंदर. पण खाणीची मातीही त्याच वाटेने नदीत येते, आणि येते ती नेमकी नदी मंदावते तिथं.

माझं मत : परवाना देताना एकेका खाणपट्ट्याचा वेगळा विचार नको. वाळवंटी, खांडेपार, डिचोलीची नदी या मांडवीच्या उपनद्या, त्यांचं प्रत्येक खोरं किती माती सोसू शकतं ते आधी ठरवा.

बार्जवाला :
सतरा वर्षं बार्जवर काढली, म्हणून लिहितो. सह्याद्रीत वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. खाण नसती तरी नदी लालच झाली असती. पावसाळ्यात आग्वादला मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा येतो आणि आम्हाला कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत जावं लागतं. ती वाळू काय खाणीतली? 2012 ला खाणकाम बंद, मग थोडं सुरू, 2018 च्या मार्चला पुन्हा बंद. धक्क्याला बांधलेल्या बार्जी गंजल्या आणि खलाशी घरी बसले. तुम्ही खोरं मोजत बसाल, आमची पोरं तोवर काय खातील?

डिचोलीची शेतकरीण :
बार्जवाले भाऊ, पावसाचं लाल पाणी आम्हीही जन्मापासून बघतोय. ते येतं आणि निघून जातं. डंपाचं, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाचं, पाणी जात नाही. आमचं शेत नाल्याच्या काठाला आहे. लावणीला तरवा उपटला की मुळांना लाल गारा धरलेला असायचा, लोण्यासारखा गुळगुळीत, धुतला तरी सुटेना. ऊन पडलं की तोच थर टणक होऊन तडकतो आणि रोप पिवळं पडतं. शिवाय खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेला की पंप लावून पाणी नाल्यात सोडतात. पावसात शेत बुडतं आणि एप्रिलमध्ये विहीर आटते. हे दोन्ही एकाच वर्षात सोसलंय आम्ही.

सर्व्हेवाला :
बंदी आणि बेबंदपणा यांच्यामध्ये काही आहे की नाही? डंपाला पायऱ्या पाडा, झाडं लावा, पायथ्याशी भिंत घाला, पाणी निवळायला तळी खणा. हे नीट केलं तर माती अडते. खोऱ्याची मोजणी काढली की दहा वर्षं फायली फिरतील.

वाळवंटीकाठचा :
सर्व्हेवाले, एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. 2010-11 मध्ये इथून पाच कोटी टनांच्या वर खनिज निर्यात झालं. त्यामागची माती किती झाली, धरा हिशेब. एकेका तळ्याचं गणित कागदावर बरोबर येतं, पण जुलैत आठ दिवस झड लागली की एकाच नाल्यावरची सगळी तळी एकदम भरून वाहतात. म्हणून तर खोरं धरा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, ती अख्ख्या राज्याला. कुठल्या नदीच्या वाट्याला त्यातलं किती, हे कुणी ठरवलं?

बार्जवाले भाऊ, तोंडाशी येणारी वाळू समुद्राची, मान्य. पण बारीक चिकणमातीचं वेगळं असतं. गोड्या पाण्यात ती तरंगत येते, खारं पाणी लागलं की तिचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. तळ वर आला की आधी अडते ती तुमचीच बार्ज.

बार्जवाला :
ते खोटं नाही. मांडवीवर आमोणे गावाकडे ओहोटीला भरलेली बार्ज टेकलेली आहे, चार-चार तास भरतीची वाट बघितलीय. पण आम्ही त्याला खाण जबाबदार असं कधी म्हटलं नाही, कारण पगार खाणीचा. तरीही काम बंद ठेवून मोजणी नको. चालू कामात मोजा.

डिचोलीची शेतकरीण :
चालू कामात मोजा, पण जानेवारीत स्वच्छ पाण्याचे नमुने नेऊन नको. मिरगाच्या पहिल्या मोठ्या सरीला या, डंपाच्या वरच्या अंगाला एक बाटली भरा आणि खालच्या अंगाला एक. ओपा गावाला खांडेपारचं पाणी पणजीच्या नळासाठी उचलतात, तिथलीही एक भरा. आमच्या बांधावर उभं राहायला जागा मी देते.