तुमचं गाव, तुमचं काम पडद्यावर : अलीकडे पाहिलेला सिनेमा खरा वाटला का?

मोगरा
'आवडला', 'नाही आवडला', 'एकदा बघायला हरकत नाही' एवढं आपण रोजच बोलतो. या वेळी जरा वेगळं विचारतेय. तुम्ही ज्यात मुरलेले आहात, म्हणजे तुमचा पेशा, तुमची गल्ली, तुमची बोली, ते अलीकडे कुठल्या सिनेमात पाहिलंत का? नवा-जुना कुठलाही चालेल, थिएटरात पाहिलेला किंवा घरी. आपल्या ओळखीचं काही पडद्यावर आलं की माणूस चुका काढायलाच बसतो. माझा नवरा डॉक्टर आहे. मॉनिटरवर सरळ रेषा आल्यावर पडद्यावरच्या डॉक्टरने शॉक दिला रे दिला की हा उठून पाणी प्यायला जातो. 'सरळ रेषेला शॉक देत नाहीत' हे वाक्य आमच्या घरात पाठ आहे.

तर लिहा. स्टार नकोत, अख्खी कथा नको, शेवट फोडू नका. एखादा प्रसंग घ्या आणि तो कुठे जमला, कुठे फसला ते सांगा.

काळा कोट
चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2015 साली आपल्याकडे लागला होता) मागच्या रविवारी आमच्या नव्या ज्युनियरला मुद्दाम दाखवला. पोरीला कॉलेजातून बाहेर पडल्यापासून जोरदार युक्तिवाद करायचे आहेत. म्हटलं, आधी हे बघ.

साक्षीदार एक बोलतो आणि न्यायाधीश त्याचं सार काढून स्टेनोला सांगतात, रेकॉर्डवर तेच जातं. बाहेरच्या माणसाला हे ठाऊकच नसतं. हिंदी सिनेमात तर सगळे थेट देशाला उद्देशून बोलत असतात. इथे गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहे आणि वाण्याची यादी वाचावी तशी कलमं वाचते. आवाजाला चढ नाही, उतार नाही. माझ्या ओळखीच्या निम्म्या सरकारी वकील बाई अशाच वाचतात, कारण त्यांच्यापुढे त्या दिवशी आणखी ढीगभर फायली असतात. मग ती लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते. ही बाई दुष्ट नाही, हेच भयंकर आहे. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत, तिथे ज्युनियर हसली. मी हसलो नाही.

फसलं कुठे? शांतता जरा जास्त आहे. आमच्याकडे मागे वकिलांची कुजबुज, पट्टेवाल्याचा पुकारा, पंख्याची घरघर यांत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. बाकी ज्याच्यावर खटला चालतो त्या शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले होते. 2021 मध्ये कोविडने गेले. त्यांचा पिंजऱ्यातला कंटाळलेला चेहरा हा अभिनय वाटत नाही.

रात्रशाळा
'आता थांबायचं नाय!' उशिराच पाहिला. मुंबई महापालिकेतले चतुर्थश्रेणी कामगार मोठेपणी दहावीला बसतात, त्याची गोष्ट. खऱ्या घटनेवरची आहे. मी रात्रशाळेत गणित शिकवते, त्यामुळे रुमाल तयार ठेवून आणि भुवई वर करून, अशी दोन्ही तयारीने बसले होते.

भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांनी हातांचं काम छान केलंय. माझ्या वर्गात सिक्युरिटीवाले आहेत, हॉटेलात भांडी घासणारी मुलं आहेत, धुणीभांडी करणाऱ्या ताई आहेत. दिवसभर जड काम केलेल्या हाताला पेन हलकं लागतं, म्हणून ही माणसं ते गच्च आवळून धरतात आणि कागद फाटेपर्यंत दाबून लिहितात. सुरुवातीला मी 'सैल धरा' म्हणायचे, आता म्हणत नाही. आणि बाक! दिवसा तिथे छोटी मुलं बसतात, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे आत मावतच नाहीत. एक पाय कायम रांगेत बाहेर. मी येता-जाता अडखळते.

तक्रार एकच. सिनेमात अडचण आली की थोड्या वेळात कुणीतरी भाषण करून ती सोडवतं. आमच्याकडे दिवाळीनंतर पट कमी होतो आणि त्यावर भाषण चालत नाही. कुणाची पाळी बदलते, कुणाचा मालक साडेसहाला सोडत नाही, एखादीच्या नवऱ्याला अचानक आठवतं की जेवण गरम हवं. अर्धे पुढच्या वर्षी परत येतात, काही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. हे असं निवांत गळणं पडद्यावर दाखवायला अवघड असणार, हेही मान्य. पण वर्गातल्या सगळ्यांना मी तो बघायला सांगितलाय. एक ताई म्हणाल्या, 'बाई, ते पास होतात का तेवढं आधी सांगा, नाहीतर मी नाही बघणार.'

मोगरा
@रात्रशाळा, त्या ताईंना मग सांगितलंत का? (इथे नका सांगू.)

सुरंगीचो वळेसार
'दशावतार' कुडाळात गर्दीत पाहिला. आमच्या ओळीत सगळे घरचेच, त्यात एक काका स्वतः वर्षानुवर्षं पेटीवर बसलेले.

आमच्याकडे जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावताराचं नाटक उभं राहतं. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण कोण कुठली भूमिका घेणार ते ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे, समोरच्याच्या तोंडाकडे बघून. पेटी, पखवाज, झांज. संकासुर येतो तेव्हा लहान मुलं आईच्या मागे. ज्याने रात्री राजा म्हणून दरबार गाजवला तो सकाळी कापडी पिशवी घेऊन एसटीच्या रांगेत. रंग पुसलेला असतो, पण कानामागे थोडा राहतोच.

तो कानामागचा रंग दिलीप प्रभावळकरांच्या बाबुलीत आहे. वयाच्या 81 व्या वर्षी हे काम! नजर मंदावलेला म्हातारा कलावंत आणि त्याने आता थांबावं म्हणणारा मुलगा. रंग लावताना आरशाच्या जवळ जवळ सरकत जाणारा चेहरा बघून काका माझा हात धरून बसले. माणूस रंगपटात वेगळा श्वास घेतो, ते यांना बरोबर कळलंय.

पण मध्यंतरानंतर? काका बाहेर येऊन म्हणाले, 'पयलो अर्दो सिनेमा आमचो. दुसरो कोणाचो ता देव जाणा.' खाणीचा प्रश्न आमच्या सिंधुदुर्गात खराच आहे, कळणेला लोकांनी तो भोगलाय. पण खरा लढा म्हणजे ग्रामसभा, हरकती, तारखा, आणि घराघरात पडलेली फूट, कारण एका भावाचा डंपर असतो. सिनेमात त्याचा सूडपट होतो. टाळ्या पडतात, माझ्याही पडल्या, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न सुटल्यासारखा वाटतो तो त्या टाळ्यांमुळेच.

चौपाटी
@सुरंगीचो वळेसार, असहमत. दशावतारात शेवटी असुराचा वध होतोच ना? मग सिनेमानेही तोच साचा घेतला तर बिघडलं कुठे? उत्तरार्ध म्हणजेच नाटक आहे. मला तोच आवडला.

सुरंगीचो वळेसार
मुद्दा बरा आहे, काकांना विचारतो. मला वाटतं ते म्हणतील की नाटकात वध होतो तेव्हा असुर हसत मरतो आणि मग आत जाऊन विडी ओढतो.

तीन माळे
पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. 2024 च्या कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला. बराचसा मल्याळममध्ये आहे, त्यामुळे आमच्या घरी कुणी सोबत बसेना. मी मात्र छाया कदमसाठी बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासात सरळ लालबागला पोचलो.

ती पार्वती. हॉस्पिटलात स्वयंपाक करते, नवरा गिरणीत होता, तो गेला. आता बिल्डर खोली खाली करायला सांगतोय आणि तिच्याकडे एकही कागद नाही. आयुष्य त्या खोलीत गेलं, पण दाखवायला काही नाही. माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. संपाच्या गोष्टी सगळे सांगतात. नंतरच्या कागदांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. भाडेपावती सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्डावर वेगळं आडनाव, गिरणीचं ओळखपत्र पुरात भिजलेलं. आमच्या आत्याने लोखंडी ट्रंक उपसून सगळे कागद चटईवर मांडले होते आणि त्यात सगळ्यात जुना कागद निघाला तो भिशीचा हिशोब. सिनेमात पार्वती आणि तिची हॉस्पिटलातली मैत्रीण रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. फलक फाटत नाही फार. पण बघताना हाताला बरं वाटलं.

पुढे रत्नागिरीकडे गेल्यावर सिनेमा स्वप्नात शिरतो, तिथे मी मागे राहिलो. चाकरमानी गावी गेला की पहिलं छप्पर बघतो, गळतंय का. स्वप्नं नंतर.

पेठेतला
'ट्वेल्थ फेल'. अभ्यासिकेतल्या आमच्या कंपूने लॅपटॉपवर पाहिला, एकाच्या खोलीवर. सगळे रडले. पुढचे काही दिवस सगळे पहाटे उठले. मग परत जैसे थे.

पिठाच्या गिरणीत राहून अभ्यास करणारा मनोज खरा आहे, तसे लोक आहेत. (खरे मनोज शर्मा आपल्याच महाराष्ट्र केडरला आहेत.) पण माझा माणूस गौरी भैया. यूपीएससीच्या संधी संपल्यावर तो चहाचा ठेला टाकतो आणि नव्या पोरांना सांभाळतो. पुण्यात नव्या पेठेत, शास्त्री रोडला असा एक तरी दादा प्रत्येक ग्रुपला असतो. नोट्स त्याच्या, उसने पैसे त्याचे, मुलाखतीचा कोट त्याचा. घरी मात्र त्याने अजून सांगितलेलं नसतं की यंदा फॉर्म भरला नाही. सिनेमा त्याच्या घरी एकदाही फोन लावत नाही. त्याच्यावर वेगळा सिनेमा काढा, मेसचे पैसे बाजूला ठेवून तिकीट काढतो.

संत्रा बर्फी
नागपूरहून. 'झुंड' पुन्हा पाहिला, भाचा सुट्टीत आलता म्हणून. नागराज मंजुळेनं आमचे पोट्टे जसे हायेत तसे घेतले. 'काय करून राहिला बे?' हे वाक्य बच्चनसमोर म्हणणारा पोट्टा आम्ही चौकाचौकात पाहतो. अंकुश गेडाम तर नंतर फिल्मफेअर घेऊन आला, पदार्पणाचं.

फुटबॉलपेक्षा मले पासपोर्टचा भाग लागला. एका आदिवासी बापाले पोरीसाठी कागद जमवायचे हायेत आणि तो या दारातून त्या दारात. वर तीन माळे भाऊंनी लिहिलं तेच. तिकडे गिरणगाव, इकडे गाव-पाडा, कागद दोघांकडेही नाही. सिनेमा लांब हाय हे खरं. पण कॉलेज आणि झोपडपट्टीच्या मधात जी भिंत दाखवली ना, तशी भिंत आमच्या घरामागे हाय. बॉल तिकडे गेला की आणाले कोण जाईन यावर अर्धा तास भांडण.

खर्ज
'द डिसायपल'बद्दल संगीतवाल्यांत दोन तट आहेत. माझ्या गुरुभगिनीने रागाने बंद केला. तिचं म्हणणं, रियाजातला आनंद कुठे आहे यात? गाणं म्हणजे नुसती शिक्षा आहे का?

मला तो पटला, कारण यात गाणारे खरे गाणारे आहेत. शिष्य शरद झालेला आदित्य मोडक गातो, आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे जयपूर घराण्याचे जाणते गायक. त्यामुळे ओठ एकीकडे, तान दुसरीकडे असलं काही नाही. छोट्या सभागृहातली मैफल बघा. पुढच्या रांगेत सगळी पांढरी डोकी, मागच्या खुर्च्या रिकाम्या, आणि संपल्यावर पाकिटासाठी गुरुजींना ताटकळावं लागणं. मी तंबोऱ्यावर मागे बसते, मला ती पाकिटं माहीत आहेत. शरद गुरुजींच्या पायाला तेल लावतो, तेही बरोबर. सेवा करताना शिकायला मिळतं असं म्हणतात. मिळतं, पण बरेचदा फक्त तेलच संपतं.

रियाजातला आनंद नाही हे मात्र खरं. महिन्यातून एखादी सकाळ अशी येते की षड्ज लागतो आणि शेजारचा कुकर, खालची रिक्षा, काही ऐकू येत नाही. तेवढ्यावर आम्ही टिकतो. शरदला अशी एक तरी सकाळ द्यायला हवी होती.

भाडेकरू नको
माझा पेशा म्हणजे घरमालकीण, पुणे. 'अशी ही बनवाबनवी' नातवाबरोबर पाहिला. 1988 पासून आजवर काही बदललेलं नाही. एकट्या मुलांना खोली द्यायला सोसायटी आजही नाही म्हणते. अशोक सराफ 'हा माझा बायको पार्वती' म्हणतो तिथे नातू लोळला. मग मला म्हणाला, 'आजी, तू दिली असतीस का यांना खोली?' मी विषय बदलला.

पाणवठा
रोहन कानवडेचा 'साबर बोंडं'. सनडान्सला मोठं पारितोषिक मिळालं म्हणून पुण्यात मुद्दाम थिएटरात गेलो. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवस गावी राहतो, एवढंच. पार्श्वसंगीत नाहीच.

माझे वडील मागच्या वर्षी गेले. सुतकात रडायला वेळ मिळत नाही. काय खायचं, काय घालायचं, कुठे बसायचं हे सांगायला माणसं असतात. आणि त्यातच कुणीतरी हळूच विचारतं, 'लग्नाचं काय मग याच्या? वर्षाच्या आत करा.' सिनेमात आनंदला हे विचारतात, तेव्हा आमच्या मागच्या खुर्चीवरच्या बाई मोठ्याने 'झालं सुरू' म्हणाल्या. आनंदला मुलगा आवडतो, हे आईला माहीत आहे. ती ते ज्या सहजपणे सांभाळते, तसं आमच्या गावात होईल का? माझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, 'तिच्या मुलाचं तिला कळत नसेल तर कुणाला कळायचं? पुढे बोल.' आता तिला नेऊन दाखवणार आहे. कुठे लागलाय अजून, कुणाला माहीत असेल तर सांगा.