कप सांगलीला आला!

बी-२०१ (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीतल्या दोन मुली ज्या शाळेच्या संघात आहेत, त्या संघानं यंदा १७ वर्षांखालील मुलींच्या शालेय फुटबॉलमध्ये आधी महापालिका स्तर आणि काल विभागीय स्पर्धा जिंकली. आता राज्य स्पर्धा. रविवारी संध्याकाळी ६ वाजता पार्किंगमध्ये दोघींचा सत्कार करूया. गेटवर मोठा फ्लेक्स लावायचं चाललंय. मतं कळवा.

डी-४०३: नाद खुळा!! अभिनंदन पोरींनो!

सी-१०४ (आजोबा): फायनल कुणाबरोबर झाली?

ए-३०२ (गोलकीपरची आई): कोल्हापूरच्या संघाबरोबर, आजोबा. १-१ झालं, मग पेनल्टीवर ४-३.

सी-१०४ (आजोबा): पोरी, हे वाचून फोन बाजूला ठेवून बसलो होतो जरा. आमच्या कोल्हापूर विभागात सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे येतात, पण फुटबॉल म्हटलं की कोल्हापूर. तिथं पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खं शहर लोटतं. मी मिरजेचा, तरुणपणी आम्हीही तिकडं खेळायला जायचो आणि बहुतेक वेळा हरून गाडीत गप्प बसून परत यायचो. तिथल्या संघाला सांगलीच्या मुलींनी हरवलं. ही गोष्ट लहान नाही, एवढंच सगळ्यांना सांगतो.

डी-४०३: आजोबा, पेनल्टीचं सांगायला पाहिजे. ए-३०२ वहिनी, तुम्ही होता ना तिथं?

ए-३०२ (गोलकीपरची आई): होते. पण शेवटच्या किकला मी डोळे मिटले होते, खरं सांगते. मला तिनंच नंतर सांगितलं. समोरची मुलगी किक मारेपर्यंत गोलकीपरचा एक पाय तरी रेषेवर लागतो, आधी पुढं सरकून अडवली तर किक परत. म्हणून ती रेषेवरच थांबली, त्या मुलीच्या टेकवलेल्या पायाकडं बघत. तो पाय डावीकडं वळला आणि हिनं डावीकडं झेप टाकली. बोटांना लागून चेंडू खांबावर गेला. मी डोळे उघडले तेव्हा सगळ्या मुली एकीवर एक पडलेल्या आणि खाली कोण आहे ते दिसतच नव्हतं. मैदान म्हणजे नुसता चिखल. काळी माती बुटाला चिकटते तेव्हा एकेक बूट किलोभराचा होतो. तिच्या उजव्या ग्लोव्हचा अंगठा उसवला होता, तो मी आदल्या रात्री गोधडीच्या सुईनं शिवून दिला होता. तो टिकला.

ए-१०३: मला एक बोलायचंय. पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी चेंडू आपटतो, झोप होत नाही, अशी तक्रार मे महिन्यात या ग्रुपवर मीच टाकली होती. ती पोर दोन खांबांच्या मध्ये उभी राहून हाच सराव करत होती. वहिनी, मनापासून माफी मागतो. रविवारी तिलाही समोर बसवून सांगणार आहे.

ए-३०२ (गोलकीपरची आई): अहो भाऊ, माफी कसली. तुम्ही या, तिला खूप बरं वाटेल.

बी-१०५: माझ्या मुलीबद्दल लिहू का नको, असं चाललं होतं. ती फायनलला एक मिनिटही मैदानात उतरली नाही. काल घरी आल्यावर म्हणाली, "आई, सत्काराला मी येत नाही, मी कुठं खेळले?" काय सांगावं तिला, कळेना.

सी-१०४ (आजोबा): तिला आत्ता माझ्याकडं पाठव. सरावात हिच्या किका अडवून अडवूनच ती गोलकीपर तयार झाली. संघ अकरा जणींचा नसतो, बाळा.

ए-३०२ (गोलकीपरची आई): आजोबा बरोबर बोलले. आमची पण हेच म्हणत्येय. दोघींचाच फोटो असलेला फ्लेक्स नको, म्हणून रडायला आली. सोळा जणी आहेत. बोलवायचं तर सगळ्यांना बोलवूया. शाळेचे सर आणि ग्राउंडवर पट्टे मारणारे मामासुद्धा.

डी-४०३: पूर्ण पाठिंबा. आणि फ्लेक्सचे पैसे ग्लोव्हज आणि चेंडूंना द्या. राज्य स्पर्धेला शिवलेल्या अंगठ्यानं जायला नको. आपल्या क्रिकेटवाल्या स्मृती मानधनाचं बघा. जन्म मुंबईचा, पण वाढली सांगलीत. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तिच्यासकट भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला. त्याच मैदानावर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल झाली होती, स्पेन आणि कोलंबियाची. म्हणजे आपल्या पोरींच्याच वयाच्या मुली. मी माझ्या लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, तिथं नेऊन दाखवा." दाखवणार.

सी-२०२: दहावीच्या मुलींच्या आईवडिलांनी विभागीयचं प्रमाणपत्र नीट जपून ठेवा. खेळाच्या वाढीव गुणांना लागतं, शाळेतून वेळेत अर्ज जायला हवा.

बी-२०१ (सेक्रेटरी): ठरलं. फ्लेक्स रद्द. सोळाही मुली, सर, मामा. पोहे, जिलेबी आणि भडंग. ग्लोव्हज आणि चेंडूंसाठी ज्यांना द्यायचंय त्यांनी माझ्याकडं द्या, हिशोब ग्रुपवर टाकतो.

बी-१०५: सेक्रेटरी काका, एक अडचण आहे. त्यांची सेंटर फॉरवर्ड गावाकडून एसटीनं येते. तिच्या गावाला शेवटची गाडी सव्वासहाला. ६ ला ठेवलं तर जिनं फायनलचा गोल मारला तिलाच यायला मिळणार नाही.

ए-१०३: मी सोडतो की गाडीनं.

बी-१०५: भाऊ, तिचे वडीलही यायचं म्हणतायत. त्यांनी तिला खेळताना अजून एकदाही बघितलेलं नाही. पण सहाला म्हशींची धार असते, म्हणून अंधार व्हायच्या आत घरी पोचायचंय त्यांना.

बी-२०१ (सेक्रेटरी): मग कार्यक्रम ६ ला नाही, साडेतीनला. गाड्या ३ च्या आत बाहेर काढा, पार्किंग मोकळं पाहिजे. हार-तुरे झाले की दोन खांबांच्या मध्ये गोल मांडूया आणि पोरींना पेनल्टी मारू दे. तिच्या वडिलांची खुर्ची अगदी पुढं.