राणीचं छत्र की पिटातली पेनी? इंग्लंडची रंगभूमी नेमकी कुणामुळे बहरली?

तिसरी_घंटा
शेक्सपिअरचा काळ म्हटला की 'लोकांनी उचलून धरलेली रंगभूमी' असं सरसकट बोललं जातं. मला ते अर्धंच पटतं. एलिझाबेथ राणीचा वरदहस्त नसता, तर लंडनच्या नगरशेठांनी नाटकवाल्यांना टिकूच दिलं नसतं.

१५७२ चा कायदा बघा. ज्या नटाला सरदाराचा आश्रय नाही, तो भटका आणि उडाणटप्पू. शिक्षा म्हणजे चाबकाचे फटके आणि उजव्या कानातून आरपार तापलेली सळई. दोनच वर्षांनी राणीने लेस्टरच्या उमरावाच्या मंडळीला सनद दिली. त्याच मंडळीतल्या जेम्स बर्बेजने १५७६ साली शोरडिचला, शहराच्या हद्दीबाहेर, 'द थिएटर' बांधलं. महापौर प्लेग आणि दंगेधोपे पुढे करून खेळ बंद करा म्हणत राहिले. राणीचं प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तिचं सल्लागार मंडळ, सांगे, नाताळात राणीसमोर नाटक करायचं तर नटांना सराव नको का? ही ढाल फार मोठी होती.

पिटातला
साफ असहमत. दरबार एका खेळाचे साधारण १० पौंड देई, तेही हिवाळ्यातल्या सणांपुरते. मंडळ्यांचं पोट भरलं ते दुपारी पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या मोकळ्या जागेत, उभं राहून नाटक बघणाऱ्यांच्या एकेका पेनीवर, म्हणजे छोट्याशा नाण्यावर. 'स्वान' नाट्यगृहात ३००० माणसं मावतात, असं १५९६ च्या सुमारास आलेल्या एका डच प्रवाशाने लिहून ठेवलंय.

आणि ढाल कसली? 'सर थॉमस मोर' या नाटकाचं हस्तलिखित आजही आहे. त्यात लंडनकरांनी परदेशी कारागिरांविरुद्ध केलेली दंगल आहे. नाटकं तपासून परवाना देणारा राणीचा अधिकारी एडमंड टिल्नी याने त्यावर शेरा मारला: दंगल पूर्ण गाळा, तिचं कारणसुद्धा गाळा. म्हणजे नाटकाची सुरुवातच कापा! शिवाय परवान्याचे पैसे मंडळीनेच भरायचे. नाट्यगृहमालक हेन्स्लोच्या हिशेबवहीत एका नाटकामागे ७ शिलिंग लिहिलेले सापडतात.

तिसरी_घंटा
टिल्नी कडक होता, मान्य. पण परवाना मिळाला की मंडळीला सरकारी शिक्क्याचा आधार होता. १६०१ घ्या. एसेक्स या उमरावाच्या माणसांनी शेक्सपिअरच्या मंडळीला नेहमीच्या कमाईवर ४० शिलिंग जास्त देऊन त्याचं 'रिचर्ड दुसरा' लावायला सांगितलं. राजा गादीवरून उतरतो ते हे नाटक. दुसऱ्याच दिवशी एसेक्सने बंड केलं. त्याचं डोकं उडालं. नटांची चौकशी झाली आणि ते सुटले. एवढंच नाही, एसेक्सच्या मृत्युदंडाच्या आदल्या दिवशी याच मंडळीने राणीसमोर खेळ केला! निव्वळ जाच करणाऱ्या राजवटीत हे घडतं का?

बखरवाचक
नटांचं दैव बलवत्तर होतं, एवढंच त्यातून दिसतं. १५९७ ला 'द आइल ऑफ डॉग्ज' नावाचं नाटक आलं. राजद्रोही ठरलं, नाटककार बेन जॉन्सन तुरुंगात गेला, आणि त्या नाटकाची एकही प्रत आज उरलेली नाही. मला सगळ्यात जास्त हेच सलतं. त्याच उन्हाळ्यात प्रिव्ही कौन्सिलने लंडनची नाट्यगृहं पाडायचा हुकूम काढला. तो अमलात आला नाही, पण तिसरी_घंटा, ढाल म्हणालात ती याच कौन्सिलची ना?

तिसरी_घंटा
हो, त्याच कौन्सिलची. पण १६४२ कडे बघा. राजाची लंडनवरची पकड सुटली आणि पार्लमेंटने नाट्यगृहांना टाळं ठोकलं. पेनी देणारे प्रेक्षक तेव्हाही होतेच. मग १८ वर्षं रंगभूमी अंधारात का गेली?

पिटातला
यादवी पेटली होती म्हणून. तरी लंडनच्या 'रेड बुल' नाट्यगृहात चोरून खेळ होत, सैनिक धाडी घालत, आणि लोक पुन्हा जात. राजा परतल्यावर काय झालं तेही सांगा की! १६६० ला दुसऱ्या चार्ल्सने लंडनमध्ये नाटकाचा हक्क फक्त दोघा नाटकवाल्यांच्या मंडळ्यांना दिला, किलिग्र्यू आणि डेव्हनंट यांच्या. पूर्वी बऱ्याच मंडळ्यांची चुरस होती म्हणून नव्या नाटकांची भूक होती. राजाच्या मर्जीने ती चुरस दोन मंडळ्यांपुरती उरली, आणि १६८२ ला त्या दोघींचीही एकच झाली.