शब्दचर्चा: ‘जामा’ मशीद आणि मोहल्ल्याची मशीद

सिराफवर मराठीत टिपण लिहितो आहे. इराणच्या आखाती किनाऱ्यावरचं हे जुनं बंदर, १०व्या शतकातल्या भूकंपानंतर उतरणीला लागलेलं. १९६६ ते १९७३ या काळात डेव्हिड व्हाइटहाउस यांनी तिथे उत्खनन केलं. ९व्या शतकातली जामा मशीद मिळालीच, शिवाय वस्तीत ठिकठिकाणी लहान लहान मशिदीही निघाल्या. या लहान मशिदींना मराठीत काय म्हणावं? ‘छोटी मशीद’ चालेल का?

—

‘छोटी’ नको. त्यामुळे ‘जामा’ म्हणजे मोठी असा समज पक्का होतो, आणि तो चुकीचा आहे. ज-म-अ हा अरबी धातू, अर्थ एकत्र येणं, एकत्र करणं. जमाखर्चातली ‘जमा’, ‘जमाव’, ‘जमात’, शुक्रवारचा ‘जुम्मा’ आणि आपला ‘मुजुमदार’, म्हणजे सगळ्या जमेचा हिशेब एकत्र ठेवणारा मजमूदार, ही सगळी त्याच घरातली. अंगात घालायचा ‘जामा’ मात्र फारसी. त्याचं यांच्याशी नातं नाही.

शुक्रवारी दुपारी सारं शहर जिथे जमतं आणि खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, ऐकतं, ती जामा मशीद. एरवीच्या पाच वेळच्या नमाजाला माणूस घराजवळच्या मशिदीत जाई. म्हणजे भेद कामाचा आहे, आकाराचा नाही. कैरोची अल्-अकमर मशीद पाहा. ११२५ साली बांधली तेव्हा तिथे शुक्रवारचा खुतबा होत नव्हता. १४व्या शतकाच्या अखेरीस तिच्यात मिंबर, म्हणजे खुतब्यासाठीचं पायऱ्यांचं उच्चासन, बसवलं आणि ती जामा झाली. वास्तू होती तेवढीच राहिली! तुर्कीत हा भेद रोजच्या बोलण्यात टिकून आहे: खुतबा होतो ती ‘जामी’, होत नाही ती ‘मेस्जित’.

मी ‘मोहल्ल्याची मशीद’ लिहीन.

—

‘मोहल्ला’बद्दल शंका आहे. मी रत्नागिरीकडची. आमच्या गावात मोहल्ला म्हणजे मुसलमानांची वस्ती. बाकीच्या त्या वाड्या. सिराफसारख्या शहरात हा शब्द वापरला तर वाचकाला वाटेल की शहराच्या एका कोपऱ्यात मुसलमान राहत होते. ‘आळीतली मशीद’ का नको?

—

ताई, तुमची शंका रास्त आहे. पण हा अर्थ आपल्याकडे आल्यावर आकसला. मूळ अरबी ‘महल्ला’ ह-ल्-ल् या धातूपासून: गाठ सोडणं, ओझं उतरवणं, मुक्काम करणं. जिथे माणसांनी बोजा उतरवला ती जागा. महसुलातला ‘महाल’ त्यातलाच, आणि ‘हलाल’ही, म्हणजे ज्यावरची बंदी सुटली ते. तुर्कस्तानात आजही शहराच्या प्रत्येक प्रभागाला महल्लेच म्हणतात, राहणारे कोणीही असोत.

‘आळी’ मला आवडतो, पण आळी म्हणजे एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची घरं. महल्ल्याचा आवाका त्याहून मोठा, तिथली माणसं एकमेकांना धरून असत. ‘पेठ’ म्हटलं की बाजार डोळ्यापुढे येतो. टिपणाच्या सुरुवातीला एक वाक्य खुलाशाचं टाकून ‘मोहल्ला’च ठेवावा, असं माझं मत.

—

शब्द ठरेल तेव्हा ठरेल, पण खोदताना एक खोली सापडली तर ती मशीद होती हे कळतं कसं? घर किंवा वखार का नाही?

—

‘महिरप’ सांगते. गौरीपुढची महिरप, पानाभोवती रांगोळीने काढतात ती महिरप, गणितातले महिरपी कंस, या सगळ्यांचं मूळ अरबी ‘मिहराब’: मक्केच्या दिशेच्या भिंतीतला कोनाडा. मराठीने त्यातली फक्त कमान उचलली आणि दिशा सोडून दिली. उत्खनन करणाऱ्याला मात्र दिशाच हवी असते. सिराफहून मक्का नैऋत्येला. त्या बाजूच्या भिंतीत कोनाडा आहे का, तो बाहेरून फुगवट्यासारखा दिसतो का, हे आधी पाहतात. मग ती जामा होती का, हे ठरवायला मिंबराच्या खुणा शोधतात. गल्लीची दिशा आणि मक्केची दिशा जुळत नसेल तर भिंतीच बोलतात. अल्-अकमरचं तोंड रस्त्याला समांतर आहे, आतली जागा मात्र मक्केकडे वळलेली. मधल्या भिंतीची जाडी एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त.

कधी मशीद स्वतःच सगळं सांगते. स्पेनमधल्या तोलेदोत बाब अल्-मर्दूम या वेशीजवळ जेमतेम ८ मीटर लांबी-रुंदीची मशीद आहे. दर्शनी भिंतीवर विटांच्याच अक्षरांत कोरल्यासारखं लिहिलंय की अहमद इब्न हदीदी यांनी ती स्वतःच्या पैशाने बांधवली, हिजरी ३९०, म्हणजे इसवी सनाच्या १००० च्या उंबरठ्यावर. आत चार खांबांवर नऊ खण, आणि प्रत्येक खणाच्या छताची नक्षी निराळी. वेशीजवळच्या एवढ्याशा मशिदीवर एका माणसाने हा जीव ओतला, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

—

एक भर घालतो, कारण सिराफचा धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. अरब प्रवासी आणि इतिहासकार मसूदी हिजरी ३०४ मध्ये (९१६-१७) सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात आणि त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक आहेत, असं त्याने लिहिलंय. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहार झंझ राज्य करत होता. उलट दिशेने गेलं ते लाकूड. सिराफची घरं सागवानाची होती असं १०व्या शतकातला भूगोलकार इस्तख्री सांगतो, आणि सागवानाचा अरबी शब्द ‘साज’ हा आपल्या ‘साग’चाच भाऊ.

‘मशीद’च्या आधी या किनाऱ्यावर आणखी एक रूप रुजलं होतं: ‘मिजिगिति’. गोव्याच्या कदंबांच्या ११व्या शतकातल्या ताम्रपटात ते आहे. पुढे १२६४ च्या वेरावळच्या संस्कृत शिलालेखातही येतं. इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझचा नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक, नुरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटणला मशीद बांधली, त्याचा तो लेख. त्यात ‘नाखू’ आहे, म्हणजे आपल्या कोळ्यांचा नाखवा. ‘जमाथ’ही आहे: घाण्यावर तेल काढणाऱ्या घांचींची जमाथ, चुन्याचं काम करणाऱ्यांची जमाथ.

—

सगळ्यांचे आभार. वाक्य बदललं: ‘सिराफच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत रोजच्या नमाजासाठी वेगळ्या मशिदी होत्या, शुक्रवारी सारं शहर जामा मशिदीत जमे.’ वेरावळच्या लेखात मशिदीच्या उत्पन्नातून काय खर्च करायचा हेही दिलंय का?

—

हो. दिव्याचं तेल, पाणी, नमाज पढवणारा, बांग देणारा, कुराण वाचणारा. उरेल ते मक्का-मदिनेला पाठवायचं.