25 नोव्हेंबर 1664 ला पंचांगाच्या ॲपमध्ये वद्य द्वितीया का येत नाही?

वाचनालय_मालवण:
दिनविशेष फळ्यावर कोकणाशी नातं असलेल्या, एकाच तारखेच्या घटना शेजारी लावतोय. 25 नोव्हेंबरला 1664 ची सिंधुदुर्गाची पायाभरणी आणि 1949 चं डॉ. आंबेडकरांचं (मूळ गाव आंबडवे, ता. मंडणगड) संविधान सभेतलं भाषण. पायाभरणीची तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके 1586. ॲपमध्ये मात्र त्या तारखेला शुद्ध पक्ष दिसतो. चुकतंय कुठे?

पंचांगप्रेमी:
ती तारीख ज्युलियन (जुन्या कॅलेंडरची) आहे, ॲप ग्रेगोरियन (आजचं कॅलेंडर) धरून मागे मोजतं. शिवकालीन तारखेत 10 दिवस मिळवा आणि 5 डिसेंबर 1664 टाका, वद्य पक्ष येईल. हा दहा दिवसांचा फरक फेब्रुवारी 1700 पर्यंतच, पुढे 11.
पडताळा वाराने घ्या, तो कुठल्याच पद्धतीत बदलत नाही. राज्याभिषेक (6 जून 1674, ज्येष्ठ शुद्ध 13) शनिवारी झाला. ॲपमध्ये 6 जूनला बुधवार दिसेल, 16 जूनला शनिवार.
शकात चैत्र ते डिसेंबर 78 मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन 79. म्हणून शिवजन्माची फाल्गुन वद्य 3, शके 1551 म्हणजे 1630. इथे 78 धरले की अख्खं वर्ष मागे जातं.
जोडी काढू नका, 25 नोव्हेंबर रूढ आहे. फक्त पुढे ‘जुनी पद्धत’ आणि तिथी लिहाच.

जुने_कागद:
आपल्या किनाऱ्यावर आणखी एक घोळ आहे. गोवा, चौल, वसईचे पोर्तुगीज 1582 च्या सुधारणेनंतर नव्या पद्धतीवर गेले. मुंबई-सुरतेचे इंग्रज 2 सप्टेंबर 1752 पर्यंत जुनीच पाळत होते (दुसऱ्या दिवशी थेट 14). त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना पोर्तुगीज पत्रात 10 दिवस पुढची दिसते. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलायचं. जानेवारी 1664 ची सुरतेची लूट त्यांच्या हिशोबाने 1663 मधली. तारखेशेजारी कागद कोणाचा तेही नोंदवा.

रत्नागिरी_तालुका:
बिनघोर जोडी हवी तर 1 ऑगस्ट 1920 घ्या. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं निधन आणि अण्णा भाऊ साठेंचा जन्म, वर्षसुद्धा एकच. टिळक मध्यरात्र उलटल्यावर गेले. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे तिथी काढताना 31 जुलैच्या सूर्योदयापासूनचा दिवस धरा.
18 ऑगस्टला विजयदुर्ग घेणार असाल तर ‘1868 चं खग्रास सूर्यग्रहण’ एवढंच लिहा. हेलियम तिथे सापडल्याचं सांगतात; त्याच्याशी जोडलेलं नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरचं, पण ते तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा 20 ऑक्टोबरला तिथूनच पाहिली. ग्रहण पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन होते ते गुंटूरला.