गावठी वालाच्या शेंगांची पोपटी: दहा जणांसाठी प्रमाण?

प्रश्न: जानेवारीत कॉलेजचे मित्र आणि घरची मंडळी मिळून वसईच्या वाडीत पोपटी (मडक्यात पाला घालून जाळावर भाजलेल्या शेंगा) लावणार आहोत. सामान दादरहून घेऊ. मडकं केवढं, शेंगा किती? भांबुर्डा (पोपटीत घालतात तो वासाचा रानपाला) मिळाला नाही तर?

उत्तर १: दोन किलो दाणे भरलेल्या शेंगा, अर्धा किलो छोटे बटाटे, दहा अंडी, दोन चमचे ओवा, मूठभर जाडं मीठ. चिकन हवं असेल तर आलं-लसूण, हळद, तिखट लावून केळीच्या पानात घट्ट बांधा. मडकं एवढं घ्या की सगळं भरूनही पाल्याला जागा उरेल. तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा जाड थर हवाच, नाहीतर शेंगा मडक्याला लागून करपतात. अंडी मधोमध ठेवा, कडेला तडकतात. पाणी अजिबात घालू नका. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवा.

उत्तर २: जाळ चारही बाजूंनी सारखा हवा. एकाच बाजूला पेटला तर अर्ध्या शेंगा कच्च्या राहतात. गोवऱ्या, काटक्या, पेंढा रचून साधारण पाऊण तास. मग मडक्यावर पाणी शिंपडा: चर्र होऊन लगेच उडालं की काढा. मडकं आधी उन्हात वाळवा, ओलं असेल तर तडकतं.

उत्तर ३: भांबुर्डा पेण-पनवेलकडच्या शेतांच्या बांधावर आपोआप उगवतो, तिकडून येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. केळीच्या पानांवर काम भागतं, पण तो वास येत नाही. माझ्या मते त्याच्याशिवाय लावूच नये.