मदत हवी आहे: बाईकवर पाणी, ताक आणि चहा कसा न्यावा?

धागाकर्ता: मे महिन्यात पुणे ते महाबळेश्वर, खंबाटकी आणि पसरणी घाटाने. १५० सीसी बाईक, फुल फेस हेल्मेट, मागे कुणी नाही. हँडलचा पाइप २२ मिमी आहे, त्यावर सायकलचा बाटली-होल्डर बसेल का? दोन लिटर पाणी, अर्धा लिटर ताक आणि थोडा चहा न्यायचा आहे. हेल्मेट न काढता पाणी पिता आलं तर उत्तम. जाणकारांनी सांगा.

पाना१०: २२ मिमीचा क्लॅम्प लावून बसतो, पण हँडलवर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि तेही एकाच बाजूला. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर तो पाइपवर फिरतो. साधे नट इंजिनाच्या थरथरीने सैल होतात, म्हणून नायलॉक नट घ्या, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले. बाटली वरून रबरी पट्ट्याने बांधाच, स्पीडब्रेकरला ती होल्डरमधून उडते.

बसवून झालं की गाडी उभी करून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. क्लचची केबल ताणली जाते का, बाटली टाकीला टेकते का, ते तेव्हाच कळतं.

घाटवाट: दोन लिटर पाण्यासाठी हँडल सोडा, पाठीवरची हायड्रेशन बॅग घ्या, म्हणजे आत पाण्याची पिशवी आणि तिला प्यायची नळी असलेली. पिशवी भरून उलटी करा आणि नळीने आतली हवा ओढून घ्या. हवा राहिली तर ब्रेक लावताना पाणी पाठीवर हिंदकळतं. नळी डाव्या खांद्यावरून आणून हेल्मेटच्या हनुवटीखालून आत घ्या. नळीच्या टोकाचं रबरी तोंड काटकोनात वळलेलं मिळतं, फुल फेसला तेच सोयीचं. पिऊन झालं की नळीत हलकी फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला, नाहीतर पुढचा पहिला घोट उन्हाने तापलेला येतो.

रात्री पिशवी एक तृतीयांश भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, सकाळी वर साधं पाणी ओता. तिच्याभोवती पंचा गुंडाळा, बाहेर सुटणारं पाणी तो टिपतो. आणि एक कळकळीने सांगतो, पसरणीच्या वळणांवर नळी तोंडात नको. सरळ, मोकळ्या रस्त्यावरच, दोन्ही हात हँडलवर ठेवून प्या. ते जमत नसेल तर थांबून प्या.

आल्याचा चहा: ताकाकडे जरा लक्ष द्या. उकाड्यात ते आंबतं, आंबताना वायू धरतो आणि झाकण उघडताच फसफसून बाहेर येतं. शिवाय बाईकच्या हादऱ्यांनी ते घुसळलं जातं. लोणी काढलेलं नसेल तर झाकणाच्या आतल्या कडेला लोण्याचे कण चिकटलेले दिसतील. म्हणून नीट घुसळून लोणी काढलेलं, गार ताक स्टीलच्या थर्मासमध्ये भरा, वर दोन बोटं जागा ठेवा आणि वाई यायच्या आत संपवा.

चहाचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्या. दुधाचा चहा तीन-चार तासांत प्यावा, नंतर त्याला वास येतो. त्यापेक्षा थर्मासमध्ये नुसतं उकळतं पाणी न्या, चहाची पुडी आणि दूध पावडर वेगळी. थर्मास सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत ठेवू नका.

धागाकर्ता: छान माहिती, आभार. पिशवीत लिंबू सरबत किंवा ओआरएस चालेल?

घाटवाट: नको. साखरेने नळीत बुरशी धरते आणि ती आतून घासायला लांब ब्रश लागतो. पिशवीत साधं पाणीच. ओआरएस हँडलवरच्या बाटलीत ठेवा. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. म्हणजे तुमच्या अर्ध्या लिटरला तीन आणि पाव. सरबत तांब्याच्या बाटलीत मात्र नेऊ नका, लिंबाच्या आंबटाने तांबं उतरतं.

पाना१०: क्लॅम्प पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर एकदा हाताने हलवून बघा. पट्टी दबून बसली की तो हमखास अर्धा आटा सैल होतो, म्हणून ॲलन की (षटकोनी टोकाची चावी) खिशातच ठेवा.